गटारीनंतर दोन दिवसांनी पोटं बिघडतात : तीन वर्षं भलतीकडे शोधलं, कारण हाडाजवळ सापडलं

घरात, मंडळात किंवा खानावळीत ठरावीक जेवणानंतर पुन्हा पुन्हा माणसं आजारी पडतात आणि दर वेळी नव्याच पदार्थावर खापर फुटतं, असा अनुभव ज्यांना येतो त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला आमचा जुना वाडा आहे. दिव्यांच्या अवसेला गुजराती शेजाऱ्यांचा दिवासो असतो आणि आमच्याकडे गटारी. पन्नासेक माणसं गच्चीवर जमतात. कोळशाची शेगडी पेटते, तांबडा रस्सा, तंगडी, भाकरी, भात, कोशिंबीर असा बेत असतो. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ तीन वर्षं या जेवणानंतर दोन-तीन दिवसांत ताप, अंग मोडून येणं, पोटात मुरडा आणि जुलाब यांची साथ वाड्यात फिरली. तिसऱ्या वर्षी तर भाऊजींच्या धाकट्या मुलाला दोन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. तंगडी भाजायला दर वर्षी भाऊजीच बसतात.

मी २६ वर्षं एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. दुसऱ्यांच्या साथींचे नमुने हाताळत आयुष्य गेलं, आणि स्वतःच्या वाड्यातली साथ उलगडायला तीन वर्षं लागली, याची मला खंत आहे.

आधी काय काय बदलून पाहिलं

पहिल्या वर्षी दोष गेला शेव-उसळीवर. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरांनी कोपऱ्यावरच्या लारीवर शेव-उसळ खाल्ली होती आणि पोरंच आधी आडवी झाली. लारीवाल्याला उगाच बोल लागला. दुसऱ्या वर्षी दोष पाण्यावर गेला, कारण टँकर मागवला होता आणि बर्फाची लादी बाहेरून आणली होती. म्हणून तिसऱ्या वर्षी पाणी उकळून गार केलं, बर्फ बंद केला, दही घरी लावलं. तरीही २१ जण आजारी. २०२४ साली अवस रविवारी, ४ ऑगस्टला आली आणि दुसरा दिवस लगेच श्रावणी सोमवारचा. घरोघरी साबुदाण्याची खिचडी झाली. मंगळवारी दुपारी पहिला माणूस पडला, तेव्हा सगळ्यांनी खिचडीलाच धरलं. दाणे जुने होते, तेल जळकं होतं, काय काय निघालं.

माणूस नेहमी शेवटी खाल्लेल्या घासावर संशय घेतो. आमची चूक तिथेच होत होती. बुधवारी सकाळी मी चौकटीची वही घेतली आणि घरोघर फिरायला सुरुवात केली.

आधी तास मोजा

अन्नातून होणाऱ्या प्रत्येक आजाराला पोटात उगवायला आपापला वेळ लागतो. जेवल्यावर १ ते ६ तासांत भडाभडा उलट्या सुरू झाल्या, तर स्टॅफिलोकॉकस या जंतूचं विष डोळ्यांपुढे आणायचं. ते बहुधा हाताळणाऱ्याच्या हातावरून, पिकलेल्या जखमेतून अन्नात येतं आणि पुन्हा उकळलं तरी जात नाही. ८ ते १२ तासांनी पोटात कळा आणि जुलाब, पण ताप नाही, उलटी क्वचितच, असं दिसलं तर मोठ्या पातेल्यात कोमट राहिलेला रस्सा तपासायचा. तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू उकळीतून वाचतात आणि रस्सा हळूहळू निवताना त्यांचं फावतं. साल्मोनेलाला बहुतेक वेळा १२ ते ३६ तास लागतात, कधी त्याहून जास्त, आणि ताप येतो. कॅम्पिलोबॅक्टर मात्र सावकाश येतो, साधारण २ ते ५ दिवसांनी. आधी कणकण, अंगदुखी, मग मुरडा, जुलाब, काहींना शौचातून रक्त. या शेवटच्या दोघांचा कोंबडीशी जुना संबंध आहे. ते निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याच्या आतड्यात राहतात आणि कापताना मांसावर येतात.

आमचं जेवण रविवारी रात्री ९ वाजता झालं. पहिला रुग्ण मंगळवारी दुपारी २ वाजता, म्हणजे ४१ तासांनी. सगळ्यात जास्त मंगळवार रात्र ते बुधवार रात्र या काळात. शेवटचा शुक्रवारी सकाळी. वहीत प्रत्येक रुग्णासाठी एक चौकट रंगवली, तर एकच उंचवटा उभा राहिला, चढला आणि उतरला. दूषित पाणी रोज पोटात जात असतं तर रुग्ण असे एकदम येऊन थांबले नसते. बहुतेकांना आधी ताप आला होता आणि उलटी फारच थोड्यांना झाली होती. स्टॅफिलोकॉकस आणि कोमट रस्सा हे दोन्ही इथेच बाजूला पडले.

खिचडी मात्र नुसत्या तासांवर सुटत नव्हती, सोमवार दुपारपासून मोजलं तरी दोन दिवसांचा हिशेब जुळत होता. ती सुटली दुसऱ्याच प्रश्नाने. २१ आजाऱ्यांपैकी ९ जणांनी खिचडी तोंडालाही लावली नव्हती.

बरे राहिले त्यांनाही विचारा

घरी शोध घेताना हीच पायरी राहून जाते. आजाऱ्याला विचारलं तर तो सगळंच खाल्लं म्हणून सांगतो, त्यातून काही निघत नाही. निघतं ते तुलनेतून.

या कामाचा एक जुना धडा अजूनही शिकवला जातो. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यात १८ एप्रिल १९४० रोजी एका चर्चच्या जेवणानंतर माणसं आजारी पडली. ७५ जणांना विचारलं, त्यांतले ४६ आजारी होते. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ जणांपैकी ४३ आजारी, न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३. बाकी पदार्थांत एवढी तफावत कुठेच नव्हती. लॅबचा कागद हातात येण्याआधी नुसत्या विचारपुशीने बोट ठेवता येतं ते असं.

मी तसंच केलं. ४९ जण बोलायला तयार झाले. तांबडा रस्सा खाल्लेल्या ३८ पैकी १६ आजारी आणि न खाल्लेल्या ११ पैकी ५, म्हणजे दोन्हीकडे चाळिसाच्या वर टक्के. रस्सा सुटला. तंगडी खाल्लेल्या ३० पैकी १७ आजारी, न खाल्लेल्या १९ पैकी ४. तंगडीवर ठपका येत होता, पण ते चार जण गळ्यात अडकले.

चारांपैकी तीन घरातल्या ज्येष्ठ बायका. दिव्यांची पूजा करतात, त्या दिवशी मांसाहार करत नाहीत. जाऊबाई मला म्हणाल्या, "अगं, आत्याबाई कोंबडीच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत. त्यांनाच सगळ्यात जास्त त्रास झाला. मग कोंबडीचा काय दोष?" सगळ्यांना हे पटलं. खरं सांगायचं तर दोन दिवस मलाही पटलं होतं.

मग वहीत फक्त तंगडी न खाल्लेल्या १९ जणांची पानं वेगळी काढली. त्यांतल्या ७ जणांनी काकडीची कोशिंबीर खाल्ली होती, चारही आजारी त्या सातांतले. कोशिंबिरीला हात न लावलेले १२ जण ठणठणीत. रस्सा त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी ओरपला होता, तो गॅसवर तासभर रटरटला होता.

काकडी कुठे चिरली, असं विचारल्यावर स्वयंपाकघरात सगळे गप्प झाले. चिरायचा पाट एकच होता. दुपारी त्यावर तंगड्यांना चिरा दिल्या, पाट नळाखाली धरला, फडक्याने पुसला आणि त्यावर काकडी घेतली. कोंबडी न खाणाऱ्यांपर्यंत कोंबडी अशी पोचली होती. कॅम्पिलोबॅक्टरचे पाचेकशे जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. कच्च्या कोंबडीच्या पाण्याच्या एका थेंबात त्याहून जास्त असू शकतात.

'जंतू आढळले नाहीत' म्हणजे काय

पुतण्याच्या शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट कोरा आला. रोगजनक जंतू आढळले नाहीत. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. असे रिपोर्ट मी स्वतः हजारोंनी लिहिले आहेत, म्हणून सांगते. त्याचा अर्थ एवढाच असतो की जे शोधले ते सापडले नाहीत. नेहमीच्या तपासणीत साल्मोनेला, शिगेला, पटकीचा जंतू एवढे पाहिले जातात. कॅम्पिलोबॅक्टरला कमी ऑक्सिजन लागतो, ४२ अंशांची ऊब लागते, वेगळं माध्यम लागतं आणि दोन दिवसांची वाट पाहावी लागते. मुद्दाम सांगितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी कुणी तो लावत नाही. शिवाय पुतण्याला नमुना देण्याआधीच अँटिबायोटिक सुरू झालं होतं.

मग ज्यांनी अजून गोळी घेतली नव्हती अशा दोघांचे नमुने कॅरी-ब्लेअर माध्यमात, म्हणजे जंतू लॅबपर्यंत जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात घालून, कॅम्पिलोबॅक्टरचं नाव सांगून तपासायला दिले. एकात वाढ झाली. स्लाइड मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. फिकट गुलाबी जंतू, इतके बारीक की घाईत नजरेतून सुटावेत, काही स्वल्पविरामासारखे वळलेले, काही जोडीने चिकटून उडत्या पक्ष्याच्या पसरलेल्या पंखांसारखे.

उरलेलं अन्न तोवर फेकून दिलेलं होतं, त्यामुळे तंगडीतून जंतू काढून दाखवता आला नाही. पण तास, तुलना, पाट आणि हा एक नमुना एकाच दिशेला बोट दाखवत होते. वहीचं काम पहिल्या आठवड्यातच उरकलं हे फार बरं झालं, कारण ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीला मोठा पूर आला, गावभर पाण्याचीच चर्चा सुरू झाली आणि कुणाला काय कधी झालं ते नंतर कुणालाच धड आठवेना.

मग इतर महिन्यांत का होत नाही?

हा प्रश्न भाऊजींनी विचारला आणि तोच सगळ्यात मोलाचा ठरला. "वहिनी, मी दर महिन्याला याच शेगडीवर, याच मसाल्यात भाजतो. तेव्हा कुणाचं पोट दुखत नाही. गटारीलाच का?"

बिघाड ठरावीक वेळीच होत असेल, तर त्या वेळी वेगळं काय असतं ते शोधावं लागतं. माणूस तोच, शेगडी तीच, मसाला तोच. फरक निघाला मालात. एरवी भाऊजी सकाळी दुकानात उभं राहून ताजी कापून आणतात. गटारीला दुकानावर एवढ्या ऑर्डरी असतात की त्याच दिवशी कापून पुरत नाही. त्यामुळे आमच्या तंगड्या आठवडाभर आधी गोठवलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, दगडासारख्या यायच्या. दुपारी ३ वाजता टबात पाणी घालून ठेवायचं, ६ वाजता मसाला लावायचा. भाऊजींना स्वतःच आठवलं, "चिरा देताना सुरी आत कर्रकन अडायची."

कर्रकन अडायची, म्हणजे हाडाजवळ बर्फ होता. गोठवल्याने कॅम्पिलोबॅक्टर काही प्रमाणात मरतो, सगळा मरत नाही. आणि निखाऱ्यावर ठेवलेल्या तंगडीची उष्णता आधी तो बर्फ वितळवण्यात खर्च होते. बाहेर साल काळी पडते, मसाला खरपूस होतो, वास दरवळतो, आत हाडाशी मांस नुसतं कोमट. रंग पाहून कळलं असतं, असं कुणी म्हणेल. कळत नाही. काश्मिरी मिरची आणि हळद आतपर्यंत उतरलेली असते. शिवाय ब्रॉयलर कोवळ्या वयात कापतात, त्याच्या हाडातला रंग पूर्ण शिजल्यावरही शेजारच्या मांसाला गुलाबी करतो. तेव्हा गुलाबी म्हणजे कच्चं नाही आणि लालभडक म्हणजे शिजलेलं नाही.

आणखी एक समज इथे खोडून टाकते. आमच्याकडे सगळे म्हणत होते, अन्न ताजं होतं, शेगडीवरून थेट ताटात आलं, शिळं नव्हतं. कॅम्पिलोबॅक्टरला शिळं व्हावं लागत नाही. बाहेर ठेवलेल्या अन्नात तो वाढतही नाही. मुळात जेवढा होता त्यातला थोडा जरी वाचला तरी पुरतो.

मोजून पाहिलं

२०२५ च्या जुलैत, गटारीच्या पंधरा दिवस आधी, आम्ही तीच चूक मुद्दाम पुन्हा केली. गोठलेल्या तंगड्या आणल्या, तीन तास टबात ठेवल्या, मसाला लावला, नेहमीसारख्या १८ मिनिटं भाजल्या. स्वयंपाकाचा सुईचा थर्मामीटर आणला होता. तो आधी बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो ना, हे पाहून घेतलं. सुई सालीखाली बोटाच्या पेराएवढी घातली तर ७९ अंश. तशीच पुढे सरकवून हाडाच्या अगदी शेजारी नेली, हाडाला न टेकवता, तर आकडा उतरत उतरत ५४ वर थांबला. कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांना पोचायला हवी. भाऊजी तो आकडा बघत कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले. मागच्या वर्षी पहिली तंगडी त्यांनी मुलाच्या ताटात वाढली होती.

मग दुसरी खेप फ्रिजमध्ये दीड दिवस ठेवून पूर्ण सुटी झालेली. तीच शेगडी, तेवढीच १८ मिनिटं, हाडाजवळ ७१. निखारे बाजूला सारून वर झाकण ठेवून आणखी सहा मिनिटं दिली, ८० झाले. चवीत काडीचाही फरक नव्हता, उलट मांस जास्त सुटं झालं.

भाजताना बाजूला उभी राहिले म्हणून आणखी एक गोष्ट दिसली. भाऊजी शेवटी चकाकी यावी म्हणून उरलेला मसाला ब्रशने तंगडीवर फिरवत होते. तो मसाला कच्च्या तंगड्या ज्यात मुरल्या त्याच पातेल्यातला होता. शिजलेल्यावर पुन्हा कच्चं लावल्यासारखंच ते. आता शेवटचा हात साजूक तुपाचा, वेगळ्या वाटीतला आणि वेगळ्या ब्रशचा.

आम्ही जे बदललं ते थोडक्यात. माल दोन दिवस आधी आणतो आणि दोन-दोन किलोची पाकिटं करून घेतो, कारण दहा किलोचा एकच गोळा फ्रिजमध्येही आतून सुटत नाही. पाकिटं परातीत ठेवून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या फळीवर, म्हणजे पाणी दुसऱ्या अन्नावर गळत नाही. कोशिंबीर आधी चिरून झाकून फ्रिजमध्ये जाते, मगच कोंबडीचं पाकीट उघडतं. कोंबडीचा पाट, सुरी आणि परात वेगळी, त्यांवर लाल दोरा बांधलेला. कच्चं ज्या परातीतून शेगडीकडे गेलं त्या परातीत शिजलेलं परत येत नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते कोंबडी नळाखाली न धुणं. जाऊबाईंना ते आजही पटलेलं नाही, आणि त्यांची किळस मी समजू शकते. पण धार मांसावर आपटली की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, कोथिंबिरीवर उडतात आणि धुण्याने जंतू काही निघून जात नाहीत. आम्ही मधला मार्ग काढला. खोल पातेल्यात पाणी भरून त्यात अलगद बुडवायची, पिसं-रक्त काढायचं, पाणी हळूच ओतायचं आणि लगेच मोरी, नळ, हात साबणाने घासायचे. ज्यांना न धुता चालतं त्यांनी धुऊच नये.

वेळ कमी असेल तर तंगड्या आधी पूर्ण वाफवून लगेच निखाऱ्यावर धूर द्यायला ठेवतात, तेही चालतं. पण अर्धवट शिजवून रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी भाजायचं, हे कधीही करू नका.

आजारी माणसाचं काय

ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा आणि घोट घोट पाजत राहा. बहुतेक जण चार-सात दिवसांत आपोआप बरे होतात. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. रक्त, सारखा चढता ताप, लघवी कमी होणं, गुंगी, किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर बाई, वयस्क माणूस असेल, तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्या आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी शौचाचा नमुना घ्यायला सांगा. बरं झाल्यावरही एक ते तीन आठवड्यांत पायांत अशक्तपणा येऊन तो वर चढू लागला तर तडक हॉस्पिटल गाठा. कॅम्पिलोबॅक्टरनंतर क्वचित गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार होतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात याच आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत हा जंतू मिळाला होता.

एकच अन्न खाल्लेल्या दोघांना किंवा अधिकांना एकसारखा आजार झाला की ती साथच. महापालिकेच्या आरोग्य खात्याला कळवा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. आम्ही तीन वर्षं कळवलं नाही, ते चुकलं.

आता मोठ्या जेवणात मी प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना उकळलेल्या स्टीलच्या डब्यात, नाव-वेळ लिहून, फ्रिजमध्ये ठेवते. लोक एक-दोन दिवस ठेवा म्हणतात, मी पाच दिवस ठेवते, कारण हा आजार पाचव्या दिवशीही उगवू शकतो.

२०२५ ला अवस गुरुवारी आली, म्हणून आम्ही आदल्या दिवशी, बुधवारी २३ जुलैला जेवलो. त्या रात्री भाऊजींनी एकूण एक तंगडीत सुई घातली, आकडा मोठ्याने वाचला आणि पुतण्याने तो वहीत लिहिला. ७४ च्या खाली निघालेल्या तीन परत शेगडीवर गेल्या. २८ तारखेपर्यंत मी रोज सकाळी घरोघर विचारत होते. कुणीही आजारी नव्हतं. एका वर्षावरून मी काही छातीठोकपणे म्हणणार नाही, पुढच्या गटारीला वही आणि डबे पुन्हा तयार असतील. २८ च्या संध्याकाळी नमुने टाकून दिले आणि डबे उकळायला ठेवले.